नरवीर चिमाजी अप्पा : आपल्या किनाऱ्याच्या इतिहासातील एक चरित्र

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्याने डहाणूपासून दक्षिणेकडे निघाले, की तारापूर, शिरगाव, माहीम, केळवे, अर्नाळा आणि शेवटी वसई अशी दुर्गांची एक मालिकाच लागते. आमच्या पाम परिसराला तर तारापूरचा किल्ला शेजारचाच. वसईच्या किल्ल्याच्या आवारात रस्त्यालगत नरवीर चिमाजी अप्पांचे स्मारक उभे आहे. येणारे-जाणारे त्यावरील नाव वाचतात आणि पुढे निघून जातात. या दुर्गमालिकेचा इतिहास ज्या पुरुषाशी जोडला गेला, त्याचे चरित्र आपल्या आजी-माजी विद्यार्थ्यांना व पालकांना ज्ञात असावे, या हेतूने आम्ही ते येथे थोडक्यात मांडीत आहोत.

चिमाजी अप्पा हे पेशवे बाळाजी विश्वनाथ व राधाबाई यांचे धाकटे पुत्र आणि पहिल्या बाजीरावांचे बंधू. १७२० मध्ये पित्याच्या निधनानंतर बाजीराव पेशवे झाले. थोरले बंधू दूरदूरच्या मोहिमांवर असताना पुण्याचा कारभार आणि सातारा दरबारातील राजकारण सांभाळण्याची जबाबदारी बव्हंशी अप्पांवर येत असे. तथापि ते केवळ कारभारी नव्हते. नोव्हेंबर १७२८ मध्ये माळव्यातील अमझेरा येथे त्यांनी मोगल सुभेदार गिरिधर बहादुर याचा पराभव केला. त्या लढाईत सुभेदार मारला गेला. एप्रिल १७३६ मध्ये रेवसजवळ जंजिऱ्याचा सरदार सिद्दी सात त्यांच्याशी लढताना पडला.

त्यांचे नाव अजरामर झाले ते मात्र वसईच्या मोहिमेने. १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली होती. पुढील दोनशे वर्षे या किनाऱ्यावर त्यांचा अंमल राहिला. स्थानिकांच्या धर्माचरणावर बंधने आली आणि गाऱ्हाणी साचत गेली. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक पुढाऱ्यांनी ही गाऱ्हाणी पेशव्यांपर्यंत पोहोचविली. १७३७ च्या मार्च महिन्यात ठाणे मराठ्यांच्या हाती आले व साष्टी बेट मोकळे झाले. वसई मात्र हाती लागली नाही.

अप्पांची दूरदृष्टी येथे दिसून येते. वसईवर थेट तुटून पडण्याऐवजी त्यांनी आधी तिचे हातपाय तोडण्याचे ठरविले. १७३९ च्या जानेवारीत त्यांनी स्वतः उत्तरेकडील ठाणी घेतली. माहीम पडले आणि त्यामागोमाग तारापूर. तारापूरची लढाई अतिशय निकराची झाली. तेथे बाजी भीवराव रेठरेकर हे मोलाचे सरदार गोळी लागून ठार झाले. त्यांच्या मातोश्रींना बाजीरावांनी लिहिलेले सांत्वनपत्र मराठी पत्रव्यवहारात प्रसिद्ध आहे. त्याच सुमारास दुसऱ्या मराठी फौजेने गोव्यावर दाब ठेवल्याने तिकडून वसईला पुरेशी कुमक येऊ शकली नाही.

फेब्रुवारीत अप्पांनी वसईपुढे मोर्चे लावले. किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी, एका बाजूस जमीन. समुद्रावर मानाजी आंग्र्यांचे आरमार मदतीस होते. मे महिन्यात तटाखालचे सुरुंग उडविले गेले. काही सुरुंग उशिरा उडाले आणि त्यांत चढून गेलेली आपलीच माणसे प्राणास मुकली. तरीही पुन्हा चढाई झाली. अखेर १६ मे रोजी आतील शिबंदीने शरणागती पत्करली.

विजयाच्या त्या घटकेस अप्पांनी केलेला करार आम्हांस या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट वाटते. हजारो माणसे गमावलेल्या सेनापतीने सूड घेतला नाही. शिबंदीला शस्त्रांसह, कुटुंबांना चीजवस्तूंसह बाहेर पडण्याची मुभा दिली. जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. वसई परिसरातील ख्रिस्ती समाज आजही तेथे नांदतो आहे. अप्पांविषयी ज्या अद्भुत कथा सांगितल्या जातात, त्या बाजूला ठेवल्या तरी हा करार पुरेसा बोलका आहे. त्याच वर्षीच्या जुलैत त्यांनी मुंबईच्या इंग्रजांशीही व्यापाराचा तह केला. तलवार कोठे थांबवावी, हे त्यांना कळत होते.

एप्रिल १७४० मध्ये बाजीराव निवर्तले. पुतण्या नानासाहेबास पेशवेपद मिळावे म्हणून अप्पांनी आपले वजन खर्च केले आणि १७ डिसेंबर १७४० रोजी, पस्तिशी ओलांडण्यापूर्वीच, त्यांचेही निधन झाले. त्यांचे पुत्र सदाशिवराव भाऊ पुढे पानिपतावर पडले.

इतिहासाचे शिक्षक म्हणून आणखी दोन गोष्टी सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. पहिली अशी, की सुरुंगाची भुयारे खणणारे, शिड्या खांद्यावर घेऊन धावणारे, होड्या वल्हविणारे जे असंख्य लोक या मोहिमेत राबले व मेले, त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. दुसरी अशी, की परक्या सत्तेच्या जुलमातून किनारा मुक्त करणाऱ्या पेशवाईने आपल्याच समाजातील अस्पृश्यतेचा जुलूम दूर केला नाही. उत्तरकाळात तर जातिबंधने अधिकच काच देऊ लागली. आणि ज्या वसईसाठी एवढे रक्त सांडले, त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून स्वातंत्र्य गहाण टाकले. अवघ्या त्रेसष्ट वर्षांत हे घडले.

यामुळे अप्पांचे शौर्य व औदार्य उणे होत नाही. थोर पुरुषास त्याच्या गुणांचे श्रेय पूर्ण द्यावे आणि त्याच्या काळाच्या अन्यायावर पांघरूण घालू नये, एवढेच आम्ही आमच्या वर्गात शिकवीत आलो आहोत. आपली मुले तारापूरच्या तटाखाली किंवा वसईच्या स्मारकापाशी उभी राहतील, तेव्हा पालकांनी त्यांना अप्पांचे नाव आदराने सांगावे; आणि त्या तटाखाली पडलेले इतर कोण होते, हा प्रश्नही त्यांना विचारू द्यावा.