खडकीला पाणी देणारा मलिक अंबर

नळ उघडला की पाणी येते. पण चारशे वर्षांपूर्वी विजेचे पंप नव्हते. अशा काळात एका माणसाने डोंगराजवळचे पाणी जमिनीखालून आणून सारे शहर जगवले. त्याचे नाव मलिक अंबर.

मलिक अंबरचा जन्म सुमारे १५४८ साली आफ्रिकेतील इथिओपियात झाला. लहानपणीच त्याला गुलाम म्हणून विकले गेले. विकला जात जात तो बगदादला पोहोचला. तेथील मालकाने त्याला शिक्षण दिले आणि अंबर हे नाव ठेवले. पुढे दख्खनमध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा वजीरही पूर्वी गुलामच होता. त्याच्याजवळ राहून अंबर राज्यकारभार शिकला. वजीराच्या मृत्यूनंतर तो गुलामीतून मुक्त झाला.

१६०० साली मोगलांनी अहमदनगर जिंकले. निजामशाही संपली, असे अनेकांना वाटले. मलिक अंबरने मात्र विखुरलेले सैनिक गोळा केले, निजामशाही घराण्यातील एकाला गादीवर बसवले आणि डोंगर-घाटांच्या आश्रयाने गनिमी काव्याची लढाई सुरू केली.

१६१० साली त्याने खडकी येथे नवे शहर वसवले. तेच पुढचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. जागा खडकाळ होती. वस्ती वाढली तर पाणी पुरणार कसे? मलिक अंबरने जमिनीचा उतार पाहिला. उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी त्याने भुयारी नहरीत गोळा केले. उतारामुळे ते आपोआप शहराकडे वाहू लागले. नहरीत हवा जावी व ती साफ करता यावी, म्हणून ठिकठिकाणी तोंडे ठेवली. शहरात खापरी नळांनी पाणी खेळवले. हीच नहर-ए-अंबरी.

१६१६ साली मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली. मलिक अंबर खचला नाही. त्याने शहर पुन्हा उभारले. १६२४ साली भातवडीच्या लढाईत त्याने मोगल आणि विजापूरच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढले.

त्याने शेतकऱ्यांचाही विचार केला. पूर्वी सारावसुलीचा मक्ता दिला जाई आणि मक्तेदार शेतकऱ्यांना पिळून काढत. मलिक अंबरने ही पद्धत बंद केली. जमिनीची प्रत व पीक पाहून सारा ठरवला.

१६२६ साली त्याचा मृत्यू झाला. खुलदाबाद येथे त्याची कबर आहे.

मित्रांनो, ज्या मुलाला बाजारात विकले होते, त्याने परक्या मुलखाला आपले मानले. तेथील दगड, उतार आणि पाणी त्याने नीट ओळखले. माणूस कोठे जन्मला यापेक्षा त्याने लोकांसाठी काय केले, हे महत्त्वाचे असते. तुमच्या गावाला पाणी कोठून येते, ते तुम्हीही शोधून पाहा.