हंसाबेन मेहता आणि गृहविज्ञानाचे शिक्षण

बडोद्याच्या विद्यापरंपरेचा विषय निघाला की श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या नावापाशी आपण थांबतो, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु महाराजांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, १९४९ साली, त्यांच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले, तेव्हा त्याची घडी बसविण्याचे दायित्व हंसाबेन मेहता यांच्यावर आले. सहशिक्षण असलेल्या विद्यापीठाच्या कुलगुरुपदी आरूढ झालेल्या त्या भारतातील पहिल्या महिला होत.

हंसाबेनचा जन्म ३ जुलै १८९७ रोजी सुरत येथे एका नागर कुटुंबात झाला. गुजरातीतील आद्य कादंबरी ‘करण घेलो’ लिहिणारे नंदशंकर मेहता हे त्यांचे आजोबा. वडील मनुभाई प्रथम बडोदा कॉलेजात प्राध्यापक आणि पुढे संस्थानचे दिवाण झाले. १९०६ साली ज्या राज्यात सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि नंतर गावोगावी ग्रंथालये निघाली, त्या राज्यात ही मुलगी वाढली. १९१८ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. पुढे इंग्लंडमध्ये वृत्तपत्रविद्या व समाजशास्त्र यांचे अध्ययन झाले. तेथेच सरोजिनी नायडूंचा सहवास लाभला. १९२४ साली त्यांनी डॉ. जीवराज मेहता यांच्याशी विवाह केला. वर परजातीचा असल्याने ज्ञातीतून विरोध झाला. हंसाबेन डगमगल्या नाहीत. सविनय कायदेभंगात त्यांनी कारावासही भोगला. याच धामधुमीत, १९३१ साली, गलिव्हरच्या प्रवासकथा त्यांनी गुजराती मुलांसाठी आणल्या, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी राहत नाही.

१९४५-४६ मध्ये त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या. स्त्रियांचे हक्क व कर्तव्ये यांची सनद त्या काळात परिषदेने सिद्ध केली. घटना समितीत स्त्रियांसाठी राखीव जागा नकोत, समान न्याय हवा, ही त्यांची भूमिका होती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील पहिल्या कलमात ‘पुरुष’ असाही अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. तेथे सर्व मानवांना सामावून घेणारा शब्द आला तो मुख्यतः त्यांच्या आग्रहामुळे.

अशा विदुषीच्या कारकीर्दीत, १९५० मध्ये, बडोद्यात गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा सुरू व्हावी, याचे अनेकांना आजही नवल वाटते. समतेसाठी झगडणाऱ्या स्त्रीने मुलींना पुन्हा चुलीकडेच धाडले की काय, अशी शंका येते. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठात स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम होता आणि त्यात गृहजीवनशास्त्राला स्थान होते. हंसाबेन स्वतः त्या विद्यापीठाच्या कुलगुरू राहून आल्या होत्या. बडोद्यात मात्र हा विषय विज्ञान, वाणिज्य यांच्या बरोबरीने, एका सर्वसाधारण विद्यापीठाची विद्याशाखा म्हणून आला. आहार, वस्त्रे, गृहव्यवस्था आणि बालविकास ही त्याची प्रमुख अंगे होती.

त्यांपैकी बालविकास हे अंग सर्वांत नवे होते. मूल वाढविण्याचे ज्ञान आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे आपोआप येते, त्यासाठी वर्ग कशाला, असा समज आपल्याकडे फार जुना. गृहविज्ञानाच्या विद्याशाखेला जोडून चालणारी चेतन बालवाडी हे त्याला प्रत्यक्ष उत्तर होते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला जशी प्रयोगशाळा, तशी येथील विद्यार्थिनीला बालवाडी. मुलाने कसे वागावे हे ठरविण्यापूर्वी ते कसे वागते हे पाहायचे. खेळात ते कोणाजवळ जाते, भांडण झाल्यावर काय करते, कोणत्या वयात किती शब्द बोलते, हे टिपून ठेवायचे. आजीच्या अनुभवाचा अव्हेर त्यात नव्हता, पण तो पडताळून पाहण्याची शिस्त होती. मुलाच्या वाढीचा विचार करताना घरातील माणसांचे परस्परसंबंधही ओघानेच अभ्यासाच्या कक्षेत आले.

तरीही वर उल्लेखिलेली शंका सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येत नाही. दीर्घकाळ या विद्याशाखेकडे मुलींचीच शाखा म्हणून पाहिले गेले. हंसाबेनना स्वतःला काय अभिप्रेत होते हे पुढे स्पष्ट झाले. मुलामुलींच्या अभ्यासक्रमात भेद असावा का, याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीच्या त्या अध्यक्षा होत्या. १९६२ च्या सुमारास या समितीने असा भेद अनिष्ट ठरविला आणि माध्यमिकपूर्व टप्प्यापर्यंत गृहविज्ञान मुलगे व मुली दोघांनाही शिकवावे अशी शिफारस केली. म्हणजे घर हा स्त्रीचा नव्हे, दोघांचा अभ्यासविषय होता. शिफारशीचे कागद झाले; बहुतेक शाळांत मुलगे सुतारकामाला आणि मुली शिवणकामाला, हाच परिपाठ पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. एवढी साधी सूचना अमलात येऊ नये, ही खंत मात्र उरते.

हंसाबेन १९५८ मध्ये कुलगुरुपदावरून निवृत्त झाल्या. त्यानंतर त्यांना पद्मभूषण सन्मान लाभला आणि १९६० मध्ये जीवराजभाई नव्या गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. ४ एप्रिल १९९५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, हंसाबेनचे देहावसान झाले. बडोद्याच्या विद्याशाखेचे नाव कालांतराने बदलून ‘कुटुंब व समाज विज्ञान’ असे झाले. विद्यापीठाचे मध्यवर्ती ग्रंथालय मात्र हंसाबेन मेहता यांच्याच नावाने ओळखले जाते.