कानशीने घडविलेला बंदूकसाज

यंत्रविद्येच्या इतिहासाकडे पाहताना आपली नजर सहसा विद्यापीठांकडे आणि प्रयोगशाळांकडे वळते. परंतु विसाव्या शतकातील दोन्ही महायुद्धांवर ज्याच्या हातच्या कामाची गडद छाया पडली, तो जॉन मोझेस ब्राउनिंग यांपैकी कोठेच घडला नाही. त्याची पाठशाळा म्हणजे एका आडगावातील दुरुस्तीचे दुकान. त्याचे पाठ्यपुस्तक म्हणजे मोडक्या बंदुकांचा ढीग. त्याच्या मृत्यूला आता सुमारे शंभर वर्षे होत आली. कसब कसे अंगी येते आणि अंगी आलेल्या कसबाचे पुढे काय होते, हे दोन्ही प्रश्न त्याच्या चरित्रात एकमेकांत गुंतलेले आहेत.

ब्राउनिंगचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील यूटा प्रदेशात ऑग्डेन येथे झाला. त्याचा बाप जोनाथन हा स्वतःही हौसेने शिकलेला कारागीर. लोहारकाम आत्मसात केल्यावर बंदुकीची नळी कशी घडवितात हे जाणून घेण्यासाठी तो ऐन तारुण्यात नॅशव्हिलच्या एका बंदूकसाजाकडे जाऊन राहिला होता. पुढे त्याने मॉर्मन पंथ स्वीकारला आणि १८५२ मध्ये पंथबांधवांच्या पाठोपाठ तो पश्चिमेच्या ओसाड मुलखात आला. त्या वस्तीत नवी वस्तू मिळणे दुर्मीळ. असेल ती सांधून वापरणे हाच रिवाज. त्यामुळे जोनाथनच्या ऐरणीवर शेतीच्या अवजारांपासून ठासणीच्या बंदुकांपर्यंत सारे काही येई.

जॉनने दहाव्या वर्षी आपली पहिली बंदूक केली, अशी हकीकत ब्राउनिंग कुटुंबात सांगितली जात असे. जुन्या बंदुकीची टाकून दिलेली नळी, लाकडाचा तुकडा, तार आणि पत्रा एवढीच तिची सामग्री. बाप घरी नसताना दोघा भावांनी ती पेटत्या निखाऱ्याने उडविली आणि शिकार घरी आणली. बापाने शिक्षा केली नाही. दहा वर्षे पुरी होऊन गेलेल्या मुलाचे काम याहून नेटके असावयास हवे होते, एवढेच त्याने सुचविले. मुलाने ते ओबडधोबड शस्त्र स्वतःच मोडून टाकले. नवशिक्याला याहून चांगला पहिला धडा कोणता असू शकेल? वस्तू चालली म्हणजे ती साधली असे नव्हे, हे त्याला त्या वयात उमगले.

पंधरा वर्षांच्या सुमारास शाळा सुटली आणि दुकान हेच त्याचे जग झाले. दुरुस्ती करणाऱ्याला जे कळते ते कित्येकदा नव्याने वस्तू करणाऱ्यालाही कळत नाही. कोणती कमान आधी थकते, धूळ कोठे साचते, घाबरलेला माणूस कोठे चूक करतो, हे मोडलेली वस्तूच सांगते. ब्राउनिंगच्या पुढील शस्त्रांचा साधेपणा आणि दणकटपणा यांचे मूळ या मोडतोडीच्या अभ्यासात आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

१८७८ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्याने एका वेळी एकच काडतूस घेणारी रायफल तयार केली. तिचे पेटंट ७ ऑक्टोबर १८७९ रोजी मिळाले. परंतु ते पाहण्यास बाप उरला नव्हता. त्याच वर्षी जूनमध्ये जोनाथन निवर्तला होता. भावांनी मिळून लहानसा कारखाना थाटला आणि तेथे अशा सुमारे सहाशे रायफली तयार केल्या. त्यांतील एक विंचेस्टर कंपनीच्या विक्रेत्याच्या दृष्टीस पडली. १८८३ मध्ये कंपनीचा अधिकारी बेनेट स्वतः ऑग्डेनला आला आणि आठ हजार डॉलर मोजून त्याने त्या रायफलीचे हक्क विकत घेतले.

पुढील एकोणीस वर्षे तो आणि विंचेस्टर यांचे सूत जमले. १८८६, १८९२ आणि १८९४ सालच्या नामांकित रायफली त्याच्याच. तपशीलवार आराखडे काढण्यात तो फारसा रमत नसे. कल्पना डोक्यात पुरी झाली की पोलादाचा तुकडा आणि कानस हाती घ्यायची, हीच त्याची रीत. १८८९ मध्ये बंदूक उडताच नळीच्या तोंडापुढचे गवत वाकते, हे त्याच्या ध्यानी आले. सर्वांनी पाहिलेल्या या दृश्यातून वाया जाणारा वायू कामाला लावण्याची युक्ती त्याला सुचली. आपोआप भरणाऱ्या आणि उडणाऱ्या शस्त्रांचा मार्ग तिने मोकळा केला.

१९०२ मध्ये नव्या स्वयंचलित शॉटगनवर त्याने एकरकमी किमतीऐवजी स्वामित्वधन मागितले. बेनेटने नकार दिला. ब्राउनिंगने बेल्जियममधील लिएजजवळच्या कारखान्याची वाट धरली. विकत घेणाऱ्याच्या मर्जीवर जगणाऱ्या कारागिराने आपल्या कसबाचे मोल स्वतः ठरविले, ही गोष्ट लहान नव्हे.

येथपर्यंतची कथा कौतुकाची आहे. तथापि ती येथेच थांबविली तर तो सत्याचा अपलाप होईल. २८ जून १९१४ रोजी साराएव्होमध्ये आर्चड्यूक फर्डिनांड आणि त्याची पत्नी यांचे प्राण घेणारे पिस्तूल ब्राउनिंगच्याच रचनेचे आणि त्याच बेल्जियन कारखान्यातले होते. त्यानंतर भडकलेल्या महायुद्धात १९१७ मध्ये अमेरिका उतरली, तेव्हा ब्राउनिंगने आपल्या मशिनगन देशाला व्यापारी दरापेक्षा पुष्कळच कमी मोबदल्यात दिल्या. १९१८ मध्ये त्याचा मुलगा व्हॅल ती शस्त्रे घेऊन फ्रान्सच्या आघाडीवर होता. देशभक्ती आणि पितृभावना यांच्या या संगमाचा आदर करावा. पण त्या शस्त्रांपुढे उभी राहिलेली मुलेही कोणाची तरी होती, याचा विसर पडू नये.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी लिएजच्या कारखान्यात काम करीत असतानाच हृदयक्रिया बंद पडून तो मृत्यू पावला. त्याच्या नावावर १२८ पेटंटे जमा होती. त्याने आरंभिलेले एक पिस्तूल सेव्ह या बेल्जियन सहकाऱ्याने १९३५ मध्ये पूर्णत्वास नेले. ईशापूरच्या कारखान्यात तयार होऊन तेच पिस्तूल भारतीय सैनिकांच्या कमरेलाही दीर्घकाळ राहिले.

हाताने काम करणाऱ्याला दुय्यम लेखणाऱ्या आपल्या समाजाने या चरित्रातून एक धडा जरूर घ्यावा: मोडलेली वस्तू पुन्हा चालती करणे हीदेखील विद्याच आहे. मात्र त्याच्या पुढचा धडा अधिक कठीण आहे. वस्तूतील दोष कानशीने घासून काढता येतो. ती वस्तू कोणावर रोखली जाईल, हे ठरविणे मात्र कानशीच्या कक्षेत येत नाही. ते काम ज्यांचे आहे, त्यांना दहा वर्षांच्या पोराएवढीही उमेदवारी आपण करावयास लावीत नाही.