धन्य फ्रा आंजेलिको आणि सातव्या खोलीतील चित्र

इटलीतील फ्लॉरेन्स नगराच्या उत्तरेस मुजेल्लो नावाचे खोरे आहे. तेथे इ. स. १४०० च्या सुमारास ग्वीदो नावाचा मुलगा जन्मास आला. १४१७ साली तो चित्रकार म्हणून काम करीत होता. पुढे लवकरच फिएसोले येथील डॉमिनिकन मठात प्रवेश करून त्याने फ्रा जोव्हान्नी हे नाव धारण केले. आंजेलिको, म्हणजे देवदूतासारखा, हे नाव लोकांनी त्यांस मागाहून दिले.

१४३६ साली पोप चौथे यूजीन यांनी फ्लॉरेन्समधील सान मार्को मठ डॉमिनिकनांच्या स्वाधीन केला. कोसिमो दे मेदिची या धनाढ्य सावकाराने त्याचा जीर्णोद्धार केला, आणि चाळीसांहून अधिक खोल्यांच्या भिंती रंगविण्याचे काम फ्रा जोव्हान्नी व त्यांचे साहाय्यक यांजकडे आले. मठवाशाने आपल्या खोलीत एकट्याने बसून ध्यान करावे, एवढ्याचसाठी ही चित्रे होती. म्हणूनच त्यांत थाटमाट नाही.

सातव्या खोलीत प्रभू येशूच्या विटंबनेचे चित्र आहे. प्रभूच्या डोळ्यांवर पातळ वस्त्र बांधलेले असून त्यातून त्याचे डोळे दिसतात. मस्तकी काट्यांचा मुगुट, हाती राजदंडाऐवजी काठी. मारणाऱ्यांची शरीरे मात्र चित्रात नाहीत! नुसते हात, आणि थुंकणारे एक मस्तक. मारणारा कोण, हे चित्रकाराने मुद्दाम मोकळे ठेवले असावे, असे आम्हांस वाटते. पाहणाऱ्याने तेथे आपलाच हात ओळखावा.

खाली एकीकडे पवित्र मरिया, दुसरीकडे संत डॉमिनिक. दोघांचीही पाठ प्रभूकडे. संत डॉमिनिक ग्रंथ वाचीत आहेत, माता गालाला हात लावून बसली आहे. सेमिनरीत असताना एका पुस्तकात हे चित्र प्रथम पाहिले, तेव्हा मन खट्टू झाले होते. माता पुत्राकडे पाहतसुद्धा नाही, हे कसे? पुढे अंत्याभ्यंग देण्यास घरोघर जाणे झाले. मरणोन्मुख लेकराच्या खाटेशी बसलेल्या माता पाहिल्या. पुष्कळदा त्यांची दृष्टी भिंतीकडे लागलेली असते. तेव्हा त्या चित्राचा उलगडा झाला. जे घडत आहे, ते तिच्या अंतःकरणात घडत आहे. तिला वळून पाहण्याची गरज नाही.

क्रूसाचे चित्र काढताना फ्रा जोव्हान्नींच्या गालांवरून आसवे ओघळत, असे चरित्रकार वासारी सुमारे शंभर वर्षांनंतर लिहितो. ते खरे असेलही. सातव्या खोलीत मात्र आसवे कोठे दिसत नाहीत. फ्लॉरेन्सचे आर्चबिशपपद त्यांनी नाकारले, अशीही आख्यायिका आहे. १४४६ साली ते पद त्यांचे मठबंधू संत आंतोनिनो यांस मिळाले, एवढे निश्चित.

पुढे रोमास जाऊन त्यांनी पोप पाचवे निकोलस यांचे खासगी प्रार्थनामंदिर रंगविले. नंतर फिएसोलेच्या मठाचे प्रमुखपणही सांभाळले. १८ फेब्रुवारी १४५५ रोजी रोम येथे त्यांचे देहावसान झाले. सांता मारिया सोप्रा मिनेर्व्हा मंदिरात त्यांची समाधी आहे. १९८२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांस धन्य घोषित केले, आणि १९८४ साली कलावंतांचे आश्रयदाते नेमले.