पृथ्वी फिरते म्हणणारा आर्यभट

गेवराई तालुक्यात गोदावरीकाठी राक्षसभुवन आहे. तिथे शनीचे मंदिर आहे. साडेसाती टळावी म्हणून माणसे दुरून येतात आणि तेल वाहतात. याच गोदावरीच्या खोऱ्यात बौद्ध साहित्यातल्या सोळा महाजनपदांपैकी अस्सक म्हणजे अश्मक देश होता. ग्रहांना तेल न वाहता त्यांचा हिशेब मांडणारा आर्यभट या अश्मकात जन्मला, असे केरळचा टीकाकार नीलकंठ याने नोंदवले आहे. अश्मकाच्या सीमेवरून विद्वानांत वाद आहेत. त्यामुळे बीडने त्याच्यावर मालकी सांगायचे कारण नाही. पण आर्यभटाचे पुढे काय केले गेले, हे मात्र बीडच्या माणसाने समजून घेतले पाहिजे.

आर्यभटाचा जन्म इ.स. ४७६ चा. आपण तेवीस वर्षांचे असताना कोणते साल होते हे त्यानेच लिहून ठेवल्यामुळे ते पक्के कळते. आईबाप आणि जात यांविषयी त्याने एक शब्द लिहिला नाही. कुसुमपूर म्हणजे आजच्या पाटण्यात मान्य असलेले ज्ञान आपण सांगतो, एवढीच त्याची ओळख. त्याचे ‘आर्यभटीय’ जेमतेम १२१ श्लोकांचे आहे. त्यात त्याने सांगितले की आकाश फिरत नाही, पृथ्वी स्वतःभोवती फिरते. चालत्या नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो, हा त्याचा दाखला. एसटीच्या खिडकीतून झाडे मागे पळताना पाहणाऱ्या पोरालाही तो समजेल. त्याने ४३,२०,००० वर्षांच्या युगात पृथ्वीचे १,५८,२२,३७,५०० फेरे मोजले. त्यावरून एक फेरा २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांचा निघतो. आजच्या यंत्रांनीही सेकंदापर्यंत हाच आकडा दिला आहे.

आर्यभट सर्वच बाबतीत आजचा होता असे नाही. ग्रंथाच्या आरंभी त्याने ब्रह्माला वंदन केले आहे आणि सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असेच तो मानत होता. पण तेवढे सत्यही व्यवस्थेला पचले नाही. पृथ्वी फिरत असती तर आकाशात गेलेल्या घारी घरट्याकडे परतल्या नसत्या, असा आक्षेप वराहमिहिराने घेतला. ग्रहण हा सावल्यांचा खेळ आहे, राहूचा नव्हे, हे म्हणणे श्रुतिस्मृतींच्या विरुद्ध आहे म्हणून इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने दोष दिला. गंमत अशी की ग्रहणाचे गणित ब्रह्मगुप्त स्वतः सावलीवरूनच करीत होता. सत्य ठाऊक असूनही हा माणूस पुरोहितांपुढे का झुकला, याचे अकराव्या शतकात अल्बेरुनीला नवल वाटले. पुढच्या टीकाकारांनी तर श्लोकातल्या ‘भूः’ या शब्दाच्या जागी ‘भं’ घातले आणि फिरणारी पृथ्वी थांबवून नक्षत्रे फिरवली. बंडखोराला जाळण्यापेक्षा त्याचे अक्षर बदलणे सोपे असते.

याची किंमत कोणी मोजली? ग्रहण लागले की महार-मांगांनी दान मागत गावभर फिरायचे, जुनी लुगडी आणि मूठभर धान्य त्यांच्या पदरात पडले की चंद्र सुटायचा, अशी समजूत होती. पृथ्वीच्या सावलीतून आपल्या वाट्याला भीक आली. पेशवाईत सकाळी नऊपूर्वी आणि दुपारी तीननंतर महार-मांगांना पुण्याच्या वेशीत बंदी होती, कारण त्या वेळी सावली लांब पडते आणि विटाळ होतो. पृथ्वी फिरते म्हणून सकाळ-संध्याकाळ सावली लांबते. त्या साध्या भूमितीची यांनी जात केली. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस आणि उष्टे तुकडे सोडायला सांगितले, तेव्हा ग्रहणाच्या दानालाही चूड लागली.

बीडचा दुष्काळ शनीच्या कोपाने पडत नाही. दक्षिण गोलार्धातून येणारे वारे विषुववृत्त ओलांडले की पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात, नैर्ऋत्य मोसमी वारे होतात आणि सह्याद्रीवरच बहुतेक पाणी सांडतात. आपण त्या डोंगराच्या पावसाच्या छायेत आहोत. वाऱ्याची ही वळणे आर्यभटाला ठाऊक नव्हती. ती एकोणिसाव्या शतकात उलगडली. पण कोपाच्या जागी कारण शोधायची वाट त्याचीच. पाऊस कमी का पडतो हे निसर्ग ठरवतो. आलेले पाणी कोणाच्या शेतात जायचे आणि कोणी कोयता घेऊन उसाच्या फडावर जायचे, हे माणसे ठरवतात. त्याचा जाब शनीला नव्हे, सत्तेला विचारायचा असतो.

आर्यभटाचा ग्रंथ उत्तरेत जवळपास हरवला आणि दक्षिणेत टिकला. १८६४ साली मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी मलबारातून त्याची हस्तलिखिते मिळवली आणि १८७४ मध्ये तो हॉलंडमधील लायडनला छापला गेला. १९ एप्रिल १९७५ रोजी भारताच्या पहिल्या उपग्रहाला त्याचे नाव दिले गेले. नाव आकाशात पोहोचले, पण पंचांगातला राहू हलला नाही.

पुढचे चंद्रग्रहण येईल तेव्हा गरोदर लेकीसुनेला अंधाऱ्या खोलीत कोंडू नका. पोरांना घेऊन अंगणात या. चंद्रावर सरकणारी गोल सावली आपल्याच पृथ्वीची आहे, हे त्यांना दाखवा. त्या सावलीला विटाळ नाही, आपल्याही नव्हता.