फौजेतला डॉक्टर : सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस

आपल्या हातकणंगले तालुक्यात फौजेत गेलेला माणूस नाही असं गाव शोधून सापडणार नाही. भरती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बंदूक येते, पळण्याची शर्यत येते, छातीचं माप येतं. पण त्याच फौजेत बंदूक न चालवता जीव वाचवणारी माणसंही असतात, हे आपण पोराला क्वचितच सांगतो. अशाच एका माणसाची हकीकत आज सांगायची आहे. नाव तुम्ही ऐकलेलं असेल. सिनेमाही जुन्या मंडळींनी पाहिला असेल. पण त्या माणसानं नेमकं काय केलं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. आपली इचलकरंजी जशी मागांच्या खडखडाटावर जगते, तसं ते गिरण्यांच्या भोंग्यावर जगणारं गाव. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच. मुलगा हुशार निघाला आणि मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला. त्या काळी डॉक्टर झालेला पोरगा म्हणजे घराला आधार. पुढचं शिक्षण घ्यावं, दवाखाना टाकावा, बहीण-भावांचं बघावं, अशी घरच्यांची अपेक्षा असणारच.

पण १९३७ साली जपाननं चीनवर मोठा हल्ला केला. तिथं सैनिक आणि रयत हजारोंनी जखमी होत होती आणि डॉक्टर नव्हते. चीनचे सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडं वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशभर आवाहन केलं, सुमारे २२ हजार रुपयांचा निधी गोळा झाला आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. त्यात अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि पाचवे आपले कोटणीस. वय अवघं सत्तावीस. आपला देश तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता, तरी ही मदत निघाली, हे लक्षात ठेवा.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाची बोट मुंबईहून सुटली. त्याच महिन्यात ते कँटनला उतरले. तिथून हांको, मग चुंगकिंग असा लढाईच्या मागंपुढं त्यांचा प्रवास झाला. शहरं पडत होती, आकाशातून बॉम्ब पडत होते, आणि हे जखमींची सेवा करत पुढं सरकत होते. चिनी मंडळींनी प्रत्येकाच्या नावाला चीन या अर्थाचा ‘हुआ’ हा शब्द जोडला. कोटणीस तिथं झाले के दिहुआ.

आणि इथंच त्यांच्यापुढं प्रश्न उभा राहिला. चुंगकिंगला असताना सोलापूरहून बातमी आली, वडील वारले. तुमच्या-आमच्यापैकी कुणीही असता तर काय केलं असतं? परत फिरलं असतं, आणि त्याला कुणी नावंही ठेवली नसती. घरची जबाबदारी काही लहान नव्हती. कोटणीसांनी विचार केला आणि पुढं जायचं ठरवलं. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचलं. पुढं एकेक सहकारी आजारपणामुळं वा मुदत संपली म्हणून मायदेशी परतला. मागं राहिले बसू आणि कोटणीस. बसूही १९४३ मध्ये परत आले. कोटणीस आलेच नाहीत.

आता त्यांचं काम कसं चालायचं ते बघा. कोटणीस आठव्या मार्ग सेनेत रुजू झाले आणि १९४० साली थेट शत्रूच्या पिछाडीला असलेल्या डोंगरी मुलखात गेले. तिथं पक्की इमारत नव्हती, वीज नव्हती. खेडुतांच्या घरातच दवाखाना. औषध तुटपुंजं, बँडेज धुऊन वाळवून पुन्हा वापरायचं. शत्रू जवळ आला की जखमी, सामान, सगळं उचलून दुसऱ्या गावी. त्याच भागात आधी नॉर्मन बेथ्यून नावाच्या कॅनडाच्या डॉक्टरांनी काम केलं होतं. त्यांनी खेचराच्या पाठीवर बसेल असं खोगीर बनवून घेतलं होतं. त्यात शस्त्रक्रियेचं सगळं सामान मावायचं. जखमी माणूस दवाखान्यात येईपर्यंत थांबू नका, दवाखानाच जखमीकडं न्या, ही त्यामागची समज. बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये जंतुसंसर्गानं वारले होते. कोटणीसांनी तीच वाट पुढं चालवली.

१९४० च्या एका मोठ्या लढाईत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. एका वेळी तर सलग ७२ तास, म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री, झोप न घेता ते शस्त्रक्रिया करत होते. ऊसतोडीच्या हंगामात दोन रात्री जागलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

जानेवारी १९४१ मध्ये त्यांना बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचं प्रमुख केलं गेलं. ते चिनी भाषा बोलायला-लिहायला शिकले आणि चिनी पोरांना त्यांच्याच भाषेत वैद्यक शिकवू लागले. शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तकही लिहायला घेतलं. एकटा डॉक्टर किती जखमा शिवणार? हाताखाली शिकलेली माणसं तयार झाली, तर काम टिकतं. हे त्यांना पक्कं कळलं होतं.

तिथंच नर्सिंग शिकवणाऱ्या क्वो चिंगलान यांच्याशी १९४१ च्या अखेरीस त्यांचं लग्न झालं. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. पण कोटणीसांना अपस्माराचे, म्हणजे फिटचे झटके येऊ लागले होते. अपुरं खाणं, जागरण आणि कष्ट यांनी शरीर पोखरलं होतं. आघाडी सोडून उपचाराला जा, असं सांगूनही ते गेले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचं निधन झालं. वय ३२ वर्षं. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

तो मुलगाही पुढं वैद्यकाचंच शिक्षण घेत होता. १९६७ साली, ऐन पंचविशीच्या आत, तोही गेला. चिंगलानबाई मात्र २०१२ पर्यंत हयात होत्या आणि सासरच्या भेटीला भारतात येऊन गेल्या. १९६२ साली दोन देशांत युद्ध झालं, संबंध बिघडले, तरी चीनमधल्या शिजियाझुआंग गावी कोटणीसांची समाधी आणि पुतळा सांभाळला गेला. सोलापुरातही त्यांच्या घरी स्मारक झालं आहे.

आपल्या जिल्ह्याचा धागाही यात आहे. १९४६ साली ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढणारे आणि त्यात कोटणीसांची भूमिका करणारे व्ही. शांताराम हे कोल्हापूरचेच. सोलापूरच्या पोराचं नाव घराघरांत पोहोचवलं ते कोल्हापूरच्या माणसानं.

आता सांगायचा मुद्दा. तुमच्या घरात बारावी विज्ञानाला, जीवशास्त्र घेतलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर फौजेची ही वाटही दाखवा. पुण्यात १९४८ साली सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथं नीट परीक्षेच्या गुणांवर प्रवेश होतो, मुलींनाही होतो, आणि शिक्षणानंतर ठरावीक वर्षं फौजेत नोकरी करावी लागते. डॉक्टरकी झेपत नसेल तर सैन्यात नर्सिंग असिस्टंटची भरती असते, मुलींसाठी मिलिटरी नर्सिंग सेवा असते. नियम बदलत असतात, म्हणून एजंटाच्या नादी लागून पैसे घालवू नका. कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयात स्वतः जाऊन विचारा.

सरपंच आणि पोलीस पाटलांनाही एक विनंती. फडात कोयता पायावर बसतो, ट्रॉली उलटते, मळणी यंत्रात हात जातो, तेव्हा पहिला तास मोलाचा असतो. जखमेवर स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरणं, हळद-माती न भरणं, १०८ ला लगेच फोन करणं, एवढं तरी गावातल्या दहा-वीस तरुणांना शिकवा. गावात लष्करातून निवृत्त झालेला नर्सिंग असिस्टंट असेल तर त्यालाच बोलवा. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि आशाताई मदतीला येतील. कोटणीसांनी चीनच्या खेड्यांत हेच केलं, दवाखाना जखमीजवळ नेला आणि माणसं शिकवून तयार केली. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडून बघा.