एडविन वीडे : सुवर्णपदकाविना थोर ठरलेला धावपटू

शर्यत जिंकणाऱ्याचे नाव आपल्या स्मरणात राहते. त्याच्या पाठोपाठ येणाऱ्याला मात्र आपण सहज विसरतो. स्वीडनचे दीर्घ पल्ल्याचे धावपटू एडविन वीडे यांच्या वाट्याला असेच विस्मरण आले.

२२ फेब्रुवारी १८९६ रोजी फिनलंडच्या नैर्ऋत्येकडील किमितो येथे त्यांचा जन्म झाला. पुढच्याच वर्षी जवळच्या तुर्कू शहरात पाव्हो नुर्मी जन्मले. १९१८ साली वीडे स्वीडनला गेले व एन्शोपिंग येथे शाळाशिक्षक झाले. अशा प्रकारे एकाच प्रदेशाचे हे दोन पुत्र दोन देशांसाठी धावू लागले.

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये वीडे यांना सांघिक कांस्यपदक मिळाले. १९२४ साली पॅरिस येथे १०,००० मीटर शर्यतीत ते दुसरे आले. पहिले आलेल्या फिनलंडच्या विले रितोला यांनी विश्वविक्रम केला. चारच दिवसांनी ५,००० मीटरमध्ये नुर्मी व रितोला यांच्यामागे ते तिसरे आले. त्यानंतरच्या क्रॉस-कंट्री शर्यतीत भीषण उष्म्यामुळे ३८ पैकी केवळ १५ जण अखेरपर्यंत पोहोचले. वीडे यांनाही ती अर्ध्यावर सोडावी लागली.

१९२५ साली त्यांनी ३,००० मीटरचा विश्वविक्रम केला. पुढच्या मे महिन्यात नुर्मींनी तोही बर्लिन येथे मोडला. एखाद्याचे धैर्य येथेच खचले असते; पण त्याच वर्षी ११ सप्टेंबरला वीडे त्याच बर्लिनमध्ये १,५०० मीटर धावण्यास उभे राहिले. पाच वर्षांहून अधिक काळ नुर्मी हजार मीटरपेक्षा लांब शर्यतीत हरले नव्हते. त्या दिवशी ते तिसरे आले, वीडे दुसरे. वीडे यांची ३ मिनिटे ५१.८ सेकंद ही वेळ नुर्मींच्या जुन्या विश्वविक्रमाहून सरस होती. परंतु जर्मनीचे ओट्टो पेल्ट्झर आणखी वेगाने धावल्यामुळे विक्रम त्यांच्या नावे लागला. दुसऱ्या दिवशी मात्र वीडे यांनी दोन मैल ९ मिनिटे १.४ सेकंदांत पार करून १९०४ पासून अबाधित असलेला विश्वविक्रम मोडला.

१९२८ साली अ‍ॅमस्टरडॅम येथे, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी आणखी दोन कांस्यपदके मिळवली. दोन्ही वेळा पुढे होते तेच दोघे फिनलंडवासी. एकूण पदके पाच. त्यांत सुवर्ण एकही नाही.

१९ जून १९९६ रोजी, वयाची शंभर वर्षे पूर्ण केल्यावर, वीडे यांचे निधन झाले. वाचकहो, आपल्यापुढे कोण होता एवढेच पाहून त्यांचे मोल ठरवू नका. पुढचा गाठता येणार नाही असे वारंवार दिसूनही ते पुन्हा आरंभरेषेवर येऊन उभे राहिले, हेही ध्यानात घ्या.